आधी आपलं सांगायचं

"अंकल, काठी डाव्या हातात धरा. उजव्या हातात लॅम्ब येणार आहे."

असं कार्यक्रमाची तयारी बघणाऱ्या मॅडम माझ्या वडलांना म्हणाल्या. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. जागा सोलापूर, होटगी रोड, नवे धंदे काढणाऱ्या पोरांना शहाणं करून सोडणारं एक केंद्र. त्या केंद्राच्या एसी हॉलमागची खोली. हॉलमध्ये पुण्याहून आलेले पाहुणे बसले होते आणि मागं माझ्या बापाला मेंढपाळ बनवायचं काम चाललं होतं.

तात्या चाळीस वर्षं मेंढरं राखतायत. पण मॅडमना ते मेंढपाळ वाटेनात. कारण ते सांगोल्याकडच्या आमच्या गावावरून सकाळच्या एसटीनं इस्त्रीचं धोतर, पांढरा सदरा आणि नवी चप्पल घालून आले होते. पोरीचं काहीतरी मोठं कौतुक आहे म्हणून घोंगडं मुद्दाम घरी ठेवलं होतं. मॅडमनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "असं नको. अजून रस्टिक पाहिजे."

मग घोंगडं आलं. शाळेच्या गॅदरिंगला कपडे भाड्यानं देणारं दुकान असतं ना, तिथून. काळं, पॉलिस्टरचं, कडेला लाल झालर. कुठल्यातरी नाटकातल्या राजाच्या घामाचा वास त्याला येत होता. आमच्या तालुक्यातलं घोंगडं लोक लांबून शोधत येतात, आणि तिथल्याच माणसाच्या खांद्यावर हे. तात्यांनी ते दोन बोटांत धरून चोळून बघितलं आणि खांद्यावर घेतलं.

"अंकल, चप्पल काढा," मॅडम म्हणाल्या. तात्यांनी चप्पल काढून भिंतीकडेला नीट ठेवली.

मग लॅम्ब आलं. कुणाच्या तरी ओळखीनं आणलेलं, गळ्यात रिबन बांधलेलं. तात्यांनी ते हातात घेतलं, कान बघितले, शेपूट बघितलं. म्हणाले, "बाई, ह्ये करडू हाय."

"म्हणजे?"

"शेळीचं हाय. मेंढीचं न्हाय."

मॅडम फोनमध्ये बघत म्हणाल्या, "कोणाला कळतंय, अंकल."

मी तिथंच उभी होते. माझ्या गळ्यात केंद्राचं कार्ड होतं, त्यावर माझ्या नावाखाली फाउंडर असं लिहिलं होतं. मी गप्प बसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी इतरांना बरंच बोलणार आहे.

तर हे सगळं कशापायी, ते ऐका.

आमच्या भागात पाऊस नावाला पडतो. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, कॅनॉलच्या नाहीतर नदीच्या अंगाला. चार-पाच घरं मिळून एक वाडा. हा वाडा भिंतींचा नव्हे, चालता. घोड्यावर बिऱ्हाड, पुढं मेंढरं, उतरू तिथं जाळी लावून त्यात कोकरं. रोज सकाळी एकच काळजी. पाणी कुठं आहे, खतासाठी रानात मेंढरं कोण बसवून घेतो, कुठल्या गावची कुत्री वाईट, कुठं रोग आलाय. हे वेळेवर कळलं तर मेंढरू जगतं. नाही कळलं तर दिवसभर उपाशी चालून कोरड्या ओढ्यापाशी पोचायचं. लहानपणी मी अशी दोनदा पोचलेय.

शाळेत बाईंनी मला खिडकीजवळ बसवलं होतं. वास बाहेर जावा म्हणून. तसं त्या सगळ्या वर्गाला सांगायच्याही. अजून मला कुणी खिडकीची जागा दिली की मी घेत नाही.

शिकले. सोलापुरात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, चादरी-टॉवेलच्या एका दुकानाच्या ऑफिसात नोकरी लागली. बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळायचं. रविवारी रूमवर बसून मी एक फोनची लाईन बनवली. ॲप नव्हे. आमच्या माणसांकडं बटणाचे फोन, आणि वाचायला येतंय कुणाला. मिस कॉल द्यायचा, मशीन उलटा फोन करतं. तुम्ही बोलायचं, ते साठवतं आणि बाकीच्यांना ऐकवतं. एवढंच. नाव ठेवलं हाळी. रानात लांबच्या माणसाला आपण हाळी देतो, तीच.

पहिला महिना लाईन पार मेली. फोन यायचे, पण सगळे ऐकायला. सांगायचं कुणीच नाही. गावी गेले तेव्हा तात्यांपुढं रडगाणं गायले. ते एका मेंढीचा खूर साफ करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "दोन वाडे वाटंला भेटलं तर काय करत्यात?"

"बसत्यात. तंबाखू काढत्यात."

"आन मग?"

मग मला आठवलं. शंभरदा बघितलंय की. समोरून वाडा आला तर कुणी एकदम विचारत नाही, पाणी कुठंय म्हणून. आधी आपलं सांगायचं. आम्ही अमक्या गावावरून आलो, तिथं असं होतं, दोन मेंढरं दगावली, थोरल्या पोराला ताप आलता. आपलं सगळं सांगून झालं की मग विचारायचं. न सांगता विचारलं तर आमच्यात उत्तर मिळत नाही. प्यायला पाणी देतात, बसा म्हणतात, पण उत्तर देत नाहीत.

"नुस्ता इचारणारा येक तर चोर असतोय, न्हायतर सायेब," तात्या म्हणाले आणि दुसरा खूर धरला.

सोलापूरला परत आले आणि प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वाढवल्या. दोनच. फोन लागला की मशीन पहिल्यांदा म्हणणार, "आपलं सांगा." आवाज आयचा. तिला माझ्या फोनवर बोलायला लावून तो घेतला. पंधरा सेकंद तरी बोलायचं, नाहीतर परत तेच, "आपलं सांगा." बोलून झालं की शेवटचे दहा निरोप ऐकू येणार. तुम्ही काय बोललात हे मशीनला कळत नाही, किती वेळ बोललात तेवढं कळतं. तेवढं पुरलं.

आणि काय बोलायला लागली माणसं. "मी बिरू. मोडनिंबच्या पलीकडं हाय. कॅनॉलला पाणी सुटलंय. बांधावरल्या घरात म्हातारी येकटी असती, जाताना तिला हाक मारून जावा." "केम स्टेशनच्या अंगाला गवत लई हाय, पर रुळाकडं मेंढरू जाऊ दिऊ नका, माजी तीन गेली." "आमच्या वाड्यात पोरगी झाली. बाकी काय न्हाय." हे शेवटचं तसं कुणाच्या कामाचं नव्हतं. पण पुढचे चार निरोप त्या पोरीला नाव सुचवण्यात गेले. त्यातलंच एक ठेवलं.

नवा आवाज आला की तासाभरात कुणीतरी विचारायचं, "ह्यो कोण? कुणाच्या वाड्यातला?" तो सांगेपर्यंत बाकीचे जपून बोलायचे. एकदा एकानं पाणी असून नाही म्हणून सांगितलं. दोन दिवसांत उघडा पडला. मी त्याला काढून टाकायला निघाले, तर तात्या म्हणाले, "काडू नगं. त्येचं शेवटाला ऐकव." महिनाभर त्याचा निरोप सगळ्यांच्या मागं लावला. बास, तेवढ्यावर माणूस सरळ झाला. ना नियमांची यादी, ना कुणी राखणदार. एकशे चाळीस वाडे झाले, आणि जाहिरात म्हणून एक कागद कुठं चिकटवला नव्हता.

सगळ्यात जास्त बोलायचे बिरूमामा. आयच्या नात्यातले, सत्तरीला आलेले. रोज सकाळी त्यांचा निरोप असायचाच. सांगायला काही नसलं तरी सांगायचे, की आज सांगायला काय न्हाय.

मग केंद्रानं एक स्पर्धा ठेवली. मी गेले आणि निवडून आले. तिथं मला टेबल दिलं, फिरती खुर्ची दिली. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू. आयला फोन करून सांगितलं की खुर्ची गोल फिरते.

केंद्राला एक मुख्य सर होते. बाहेर मोठ्या शहरांत कुठंकुठं काम करून सोलापूरला परत आलेले, आणि परत येऊन सोलापूरवर उपकार केल्यासारखे वागणारे. त्यांनी आयुष्यात स्वतः काय बनवलं, हे मला दीड वर्षात कळलं नाही. स्लाइड बनवायचे. छान बनवायचे. प्रत्येक स्लाइडवर कम्युनिटी हा शब्द असायचा. त्यांच्या शेजारच्या खोलीतल्या सफाईवाल्या मावशींचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण कम्युनिटी कशी बांधायची यावर ते दीड तास बोलायचे.

पहिल्या मीटिंगला त्यांनी विचारलं, "युजर्स किती?"

"एकशे चाळीस वाडे."

सर हसले. "अगं, माझ्या सोसायटीच्या ग्रुपात यापेक्षा जास्त लोक आहेत." सगळे हसले. मीही हसले. आता आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मग त्यांनी लाईनला फोन लावून बघितला. "आपलं सांगा" ऐकल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय? आधी बोला, मग ऐका? हे फ्रिक्शन आहे. माणूस इथंच फोन ठेवणार. काढून टाक."

"सर, आमच्यात ती रीत हाय."

"आहे म्हण. हाय काय?" सर म्हणाले. "आणि रीत वगैरे ठीक आहे गं, पण तू अजून मेंढरांच्या मागंच चालतेयस. बाहेर पड त्यातून."

मी दोन आठवडे नाही म्हणाले. त्या दोन आठवड्यांत माझ्याशी कुणी नीट बोलेना. जेवताना पोरं दुसऱ्या टेबलाला बसायची. आणि एका सोमवारी सकाळी मी त्या दोन ओळी खोडल्या. कुणी माझा हात धरला नव्हता. फिरत्या खुर्चीवर बसून, माझ्या बोटांनी, मी. कशासाठी? तर सरांनी येऊन मान हलवावी, गुड म्हणावं म्हणून. त्यांनी गुड म्हटलं. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजही किळस येते.

पुढं ॲप आलं, वर्तमानपत्रात फोटो आला, लाईन सगळ्यांना मोकळी झाली. मोकळी म्हणजे कुणीही यावं, काही न सांगता ऐकावं, वाटलं तर काहीही बोलावं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगितलं, रोज एक कॉल करा, प्रोजेक्टला मार्क मिळतील. झालं. हॅलो हॅलो. चेक चेक. शुभ सकाळ, आजचा सुविचार. अमक्या युवा नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा, शुभेच्छुक तमके मित्रमंडळ. एक बाबा होता, तो रोज सकाळी लाईनवर शंख वाजवायचा. काही बोलायचा नाही, फक्त शंख. सरांच्या भिंतीवरच्या पडद्यावर रेघ वर वर जायला लागली. सर त्या रेघेकडं असे बघायचे, जणू ती दूध देणार आहे.

आमची माणसं गप्प होत गेली. पायात काटा मोडलेला माणूस, शंख आणि तीन वाढदिवस ओलांडून पाण्याची बातमी कधी ऐकणार? मी मीटिंगमध्ये सांगितलं की जुने वाडे बोलायचे थांबलेत. मॅडम म्हणाल्या, "ते होतंच गं. नवीन आलेत ना त्यांच्या दहापट." माणसं म्हणजे जणू पाण्याचे ग्लास, एक उचलला, दुसरा ठेवला.

बिरूमामा तेवढे बोलत राहिले. सवयच ती. डेमो डे, म्हणजे पुण्याच्या पाहुण्यांना लाईन चालवून दाखवायचा दिवस, त्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. "मी बिरू. वैरागच्या अलीकडं मोठ्या चिंचंपाशी उतरलोय. उंद्या बाजाराला जाणार. पोरगा मेंढरं घिऊन लांब जाईल. कोकरांपाशी सूनबाई येकटीच हाय. आपला वाडा कोण त्या वाटंनं गेला तर हाक मारा."

आपला वाडा, म्हणाले ते. त्यांना वाटत होतं की अजून आपलीच माणसं ऐकतायत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी टेम्पो आला. तिघंजण. एकाच्या गळ्यात कार्ड. "बिरूमामांनी पाठवलंय. कोकरांना लस टोचायची आहे, दवाखान्यात नेऊन संध्याकाळी आणून सोडतो." नाव बरोबर. सासरा बाजारात, बरोबर. नवरा लांब, बरोबर. सूनबाईनं जाळी उघडली. एकेक कोकरू स्वतः उचलून टेम्पोत दिलं, आणि त्यांतलं एक लंगडतंय तेवढं जपून न्या म्हणून सांगितलं. एकोणीस कोकरं. त्या दिवशी संध्याकाळी मेंढ्या परत आल्या आणि पिल्लांसाठी ओरडत राहिल्या.

तुम्ही म्हणाल, चोर काय, पंधरा सेकंद खोटंही बोलला असता. बोलला असता की. पण त्याचा आवाज आमच्यापाशी राहिला असता, आणि तासाभरात कुणीतरी विचारलं असतं, ह्यो कोण, कुणाच्या वाड्यातला. मामा सावध झाले असते. मी चोराला गुपचूप ऐकायला बसायची जागा करून दिली होती. वर त्याला युजर म्हणून मोजलंही होतं.

मामांनी मला फोन केला नाही. लाईनला केला. "मी बिरू. माजी कोकरं गेली. ज्यानं नेली त्येला मी काय म्हणत न्हाय. ही हाळी आता आपली ऱ्हायली न्हाय. हितं कोण बोलू नका." एवढंच. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला जरा सोपं गेलं असतं.

मी तो निरोप सरांना ऐकवला. सर म्हणाले, "सो सॅड." मग कॅलेंडर बघितलं. "परवा डेमो आहे. आपण स्टेजवरून लाईव्ह कॉल लावणार आहोत. हा मेसेज डिलीट कर."

"आणि मामांचं?"

"पोलिसात जाऊ दे ना त्यांना. आपण फक्त प्लॅटफॉर्म आहोत. कोण ऐकतं ते आपल्या हातात नसतं."

हातातच होतं. दोन ओळींचं काम होतं.

डेमोच्या दिवशी सकाळी रूमवर, चहा उकळायच्या आत, मी त्या दोन ओळी परत लिहिल्या. आणि मामांचा निरोप सगळ्यात पहिला लावला, जो कुणी फोन करेल त्याला आधी तोच ऐकू यावा म्हणून. सरांना सांगितलं नाही. स्टेजवर कुणाची फजिती करावी असा काही बेत नव्हता, तेवढी हिंमतही नव्हती. अजून एखाद्या सुनेनं जाळी उघडू नये, एवढंच डोक्यात होतं.

तर तात्या स्टेजवर. अनवाणी, पॉलिस्टर खांद्यावर, डाव्या हातात काठी, उजव्या हातात करडू. करडू रिबन चघळत होतं. सर इंग्रजीत बोलत होते. मधूनमधून तात्यांच्या पाठीवर थाप मारायचे आणि हॉल हसायचा. तात्यांना इंग्रजी येत नाही. पण आपल्याला हसतायत हे कळायला कुठली भाषा लागत नाही.

मग सरांनी फोन स्पीकरला जोडला आणि मिस कॉल दिला. मशीनचा उलटा फोन आला. सगळ्या हॉलमध्ये माझ्या आयचा आवाज घुमला. "आपलं सांगा."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग पाहुण्यांकडं बघून हसले. "हॅलो. टेस्टिंग, टेस्टिंग."

"आपलं सांगा."

"हा आपला डेमो कॉल आहे."

"आपलं सांगा."

पाहुण्यांत कुणीतरी खुसखुसलं. सरांनी फोन हातानं झाकला आणि दातांतून म्हणाले, "काय केलंस तू? काढ ते. आत्ता."

मी स्टेजच्या कडेच्या टेबलाशी होते, लॅपटॉप समोर उघडाच होता. अर्ध्या मिनिटाचं काम. माझी बोटं पुढं गेलीसुद्धा, सवयीनं. तेवढ्यात तात्यांचे पाय दिसले. त्या गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर, भेगा पडलेले. चाळीस वर्षं मेंढरांमागं चाललेले पाय, आणि कुणाला तरी फोटो बरा दिसावा म्हणून आज उघडे. मी लॅपटॉप मिटला.

"न्हाय," मी म्हणाले. माझ्यासमोरचा माइक चालू होता. "न्हाय काढणार. सर, तुमचं काय असंल ते सांगा की. पंधरा सेकंदाचं काम हाय. मग ऐकू येतंय."

सर नुसते उभेच. खरंच सांगते, त्यांच्याकडं सांगायला काही नव्हतं. कम्युनिटीवर दीड तास बोलणारा माणूस, त्याला स्वतःचं पंधरा सेकंद बोलता येईना. आज कुठून आलो, काय बघितलं, काय चुकलं, यातलं एक अक्षर नाही. मशीन आपलं म्हणतच होतं, आपलं सांगा, आपलं सांगा.

तात्यांनी करडू खाली सोडलं. खांद्यावरचं ते पॉलिस्टर काढून त्याची घडी केली, मॅडमच्या हातात दिली. मग सरांच्या हातातून फोन घेतला. हिसकावला नाही, घेतला. आणि बोलले.

"मी तात्या. आज सोलापुरात आलोय, पोरीच्या कामाला. हितं थंडगार हाय, पर चारा न्हाय, पानी न्हाय. हितली माणसं करडाला कोकरू म्हणत्यात आन सांगितलं तर ऐकत न्हाईत. हितं पायताण काढाय लावत्यात, पर बस म्हणत न्हाईत. मेंढरं घिऊन हिकडं कोण येऊ नका."

पंधरा सेकंद कधीच होऊन गेले होते. मशीन गप्प झालं आणि मामांचा निरोप वाजला. माजी कोकरं गेली. सगळ्या हॉलनं ऐकला, शेवटपर्यंत.

आणि काय झालं असेल? पाहुण्यांपैकी एकानं शेजारणीला विचारलं, "हा डेमोचाच भाग आहे का?" ती म्हणाली, "आय थिंक सो. किती ऑथेंटिक ना." आणि दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याची एकोणीस कोकरं गेली, त्याला टाळ्या. त्या टाळ्या ऐकल्या आणि या लोकांची जी काय थोडी भीती माझ्यात उरली होती ती त्या क्षणी गेली. एवढ्या मठ्ठ माणसांनी गुड म्हणावं म्हणून मी दीड वर्ष घातलं होतं.

तात्या मागच्या खोलीत गेले, भिंतीकडेची चप्पल पायात घातली. मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. दोघं सात रस्ता चौकापर्यंत चालत गेलो. वाटेत ते एकच बोलले, "करडू उपाशी हुतं."

नाव आणि ॲप त्यांच्याकडंच राहिलं, तसा कागद मी सही करून बसले होते. अजून चालू आहे. शंखवाला शंख वाजवतो, मित्रमंडळं शुभेच्छा देतात, ऐकणारं कुणी नाही आणि ऐकण्यासारखंही काही नाही. सर त्याला कम्युनिटी म्हणतात. म्हणू देत. ज्या जागेत माणसाला आपलं काहीच ठेवावं लागत नाही, तिथं तो थुंकून जातो, हे बसस्टँडवरच्या कोपऱ्यात कुणीही बघून यावं.

मी बिरूमामांकडं गेले. वैरागच्या पुढं उतरले होते. मी जाऊन बसले आणि म्हणाले, "मामा, कसं हाय?"

मामांनी तांब्या पुढं केला. मी पाणी प्यायले. ते काही बोलले नाहीत. सूनबाई पाठमोरी बसून जाळीची गाठ मारत होती, ती वळलीसुद्धा नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी न सांगता विचारलंय.

मग सांगितलं. सगळं. खुर्ची, सोमवार, दोन ओळी, सरांचं गुड. "मामा, ती रीत मी मोडली. कोकरं माझ्यापायी गेली." मामांनी ऐकून घेतलं. तंबाखू मळली, तोंडात टाकली. "बरं," म्हणाले आणि मेंढरांकडं गेले. माफ केलं वगैरे काही नाही. मी माफी मागायला गेले असेन तर तो माझा प्रश्न.

आता नवीन लाईन आहे. नंबर कुठं छापलेला नाही, बाजारात तोंडी देते. सात वाडे आलेत. मामांचा अजून आलेला नाही, आणि मी त्यांना ये म्हणणार नाही. त्या लाईनवर पहिला निरोप माझा आहे. मी कोण, कुणाची, नियम कुणी मोडला, कुणाची किती कोकरं गेली. नवा माणूस आला की त्याचं सांगून झाल्यावर त्याला आधी तो ऐकावा लागतो. तात्या म्हणाले, पोरी, किती दिस ठिवणार? मी म्हणाले, लाईन चालंल तवर.

गेल्या महिन्यापासून केंद्राच्या नंबरावरून मिस कॉल येतात. कुठून काढला नंबर कोण जाणे. मशीन उलटा फोन करतं, म्हणतं, "आपलं सांगा." पलीकडं एसीचा घूं आवाज येतो. कुणीतरी श्वास घेतं, मग फोन ठेवतं. सरांनी एका पोराकडून निरोप धाडला होता, दोन्ही लाइनी जोडू, तुझंच भलं होईल. मी त्या पोराला चहा पाजला आणि उत्तर दिलं नाही.

मी माझं सांगितलं. जे लाजिरवाणं आहे तेसुद्धा सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. आता सरांना माझ्याशी बोलायचं असेल तर लाईन उघडी आहे. त्यांनी सांगावं. माझ्या बापाच्या चपलेपासून सुरुवात केली तरी चालेल, नाहीतर तो निरोप डिलीट कर म्हणाले तिथून. तोवर माझी आय त्यांना तेच ऐकवत राहील, रोज, जितक्यांदा फोन करतील तितक्यांदा. त्या दोन ओळी आता माझ्या हातानं निघणार नाहीत.